पणजीची चार मुले

हुबळी-धारवाडच्या दरम्यान असलेल्या रायापुरात गाण्याचा विषय निघाला, म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू ही नावे सहजच ओठांवर येतात. परंतु येथूनच लोंढ्यामार्गे आगगाडी घाट उतरून गोव्यात जाते, आणि तेथील घरांतून निराळाच नाद ऐकू येतो. त्या नादावर वाढलेल्या चार शाळकरी मुलांची ही हकीकत आहे.

रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३ साली पणजीस झाला. गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल असतानाच, वयाच्या सातव्या वर्षी, लंडनहून परतलेल्या एका नातलगाने आणलेली बिल हेलीची तबकडी त्यांच्या कानी पडली. पुढे एल्व्हिस प्रेस्ली आला, क्लिफ रिचर्ड आला, बीटल्स आले. शाळेत असतानाच रेमो आणि तीन सोबती यांनी मिळून ‘द बीट फोर’ नावाचा वाद्यवृंद उभा केला. अमेरिकेत अशा पोरसवदा वाद्यवृंदांना ‘गॅरेज’ हे नाव पडले, कारण त्यांतील कित्येकांचा सराव घरच्या मोटारखान्यात चाले. आपल्याकडे मोटारच विरळा, मग मोटारखाना कोठला!

गोव्यात वाद्य हाती धरणे ही मात्र नवलाई नव्हती. चर्चच्या शाळेतील संगीतशिक्षक, ज्यांना तेथे ‘मेस्त’ म्हणत, मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत आले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे वाद्यवृंदरचनाकार मिळाले, ते याच भूमीतून. पण या थोर मंडळींची हयात बहुतेक दुसऱ्यांच्या चाली सजविण्यात गेली. चित्रपटाच्या जाहिरातीत नाव झळके ते संगीतदिग्दर्शकाचे, त्यांचे नव्हे.

‘बीट फोर’ची मुले येथेच वेगळी ठरतात. त्या काळी परदेशी तबकडी हुबेहूब वाजविणारा, तोच कसबी, अशी समजूत होती. या मुलांनी नक्कल केली नाही असे नाही, कारण शिकण्याची रीतच ती. पण त्याबरोबर ती स्वतःची गीते रचू लागली. सोळाव्या वर्षी पॉप गीतरचनाकारांच्या अखिल गोवा स्पर्धेत रेमोने पहिले पारितोषिक मिळविले.

शाळकरी वाद्यवृंदाचे आयुष्य ते केवढे! परीक्षा झाल्या की कोणी नोकरीला लागतो, कोणी परगावी जातो. रेमो वास्तुशास्त्र शिकण्यास मुंबईस गेले आणि ‘द सॅव्हेजेस’ या तेथील नामांकित वाद्यवृंदाबरोबर वाजवू लागले. त्यानंतर त्यांनी युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकंती केली.

गोव्यास परतल्यावर त्यांनी इंग्रजी गीते लिहिली, ती गोव्याच्याच माणसांवर. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी ती घेतली नाहीत. तेव्हा शिवोलीच्या राहत्या घरी, सगळी वाद्ये स्वतः वाजवून आणि सगळे आवाज स्वतः देऊन, त्यांनी १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ ही ध्वनिफीत तयार केली. वेष्टनावरील चित्रही त्यांचेच होते. मग त्या फिती स्कूटरवर लादून ते दुकानोदुकानी स्वतः विकत हिंडले.