वळचणीची कपबशी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'माणसे, पुस्तके आणि सामाजिक न्याय'. मी काही वक्ता नाही. भालकी तालुक्यात आयुष्यभर मास्तरकी केली. डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच सांगतो.

आपल्या सभेत थोर माणसांचा विषय निघाला की पहिले नाव स्वामी रामानंद तीर्थांचे येते, आणि ते यायलाच हवे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारा हा संन्यासी निजामाच्या तुरुंगात गेला आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा नेता झाला. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते आपल्या गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९५७ ला औरंगाबादेतून गेले. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. आपल्या जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले. भालकी, हुमनाबाद अलीकडे राहिले. सोयरीक तिकडे आणि शेत इकडे, असे आपले झाले. त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०-अ कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. आपले मंडळ निवेदने देते ती याच कलमाच्या आधारावर.

पण मला घडवले ते थोर पुढाऱ्यांनी नव्हे, रोज भेटणाऱ्या माणसांनी. गावच्या वाचनालयात एक वृद्ध ग्रंथपाल होते. पगार नाममात्र. पुस्तक मागितले की आधी विचारायचे, "मागचे वाचले का? काय कळले, सांग." मी नुकताच नोकरीला लागलो होतो. एके दिवशी त्यांनी स्वतःहून शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' हातात ठेवले. पुस्तक १९८४ सालचे. म्हणाले, "लेखक लांबचा नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचा. आळंद ओलांडले की त्याचाच मुलूख."

ते पुस्तक मी एका रात्रीत वाचले. पाटलाच्या पोटी, पण लग्नाबाहेर जन्मलेला दलित मुलगा. बापाचे नाव नाही. आजी संतामाय आणि एक मुसलमान दादा मिळून त्याला वाढवतात. यातले काही माझ्या ओळखीचे नाही असे म्हणायची सोय नव्हती. भाषा आपलीच, गावेही आपल्यासारखीच.

सकाळी उठून ओसरीवर आलो. आमच्या घरी लाकडे फोडायला एक मामा यायचे. त्यांची कपबशी वळचणीला खोचलेली असे. लहानपणापासून मी ती बघत होतो, पण दिसली त्या दिवशी. मी आत जाऊन घरातल्या कपात चहा आणला आणि त्यांच्या पुढे ठेवला. मामांनी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "मालक, आज तुम्ही द्याल. उद्या आजी काय म्हणतील? मला उद्याही कामाला यायचं आहे." आणि उठून वळचणीची कपबशी स्वतःच काढून आणली.

बंधू-भगिनींनो, मी त्या दिवशी गप्प बसलो. आजीशी बोललो नाही. पुढे वर्षभराने बोललो, तेव्हा ती कपबशी निघाली. पण ते वर्ष माझ्या खात्यावर आहे.

आठशे वर्षांपूर्वी आपल्याच कल्याणात महात्मा बसवण्णांच्या शरणांनी जातीच्या भिंतीला हात घातला. हरळय्या चांभार आणि मधुवरस ब्राह्मण यांनी मुलांची लग्ने जमवली आणि त्यापायी दोघांना प्राण द्यावे लागले, असे परंपरा सांगते. बसवकल्याणला आपण दर्शनाला जातो, नारळ फोडतो. घरी येऊन वळचणीकडे मात्र बघत नाही.

आता मुद्द्याचे. गेल्या वर्षी त्या मामांची नात माझ्याकडे आली. मराठी शाळेत शिकलेली, आता स्वतः शिक्षिका आहे. शाळेच्या पटाचा प्रश्न होता, मी तिच्यापुढे सहीसाठी निवेदन ठेवले. तिने सही केली आणि विचारले, "सर, शाळा वाचवायला आमच्या गल्लीतली मुलं हवीत. मग मंडळाच्या कार्यकारिणीत आमच्या गल्लीतलं कोण आहे?" मला उत्तर देता आले नाही. आपली यादी तुम्हीच काढून बघा.

२०२० साली राज्य सरकारने मराठा समाजासाठी महामंडळ जाहीर केले. कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. तेव्हा आपण सगळे सांगत होतो की मराठी ही एका जातीची भाषा नाही. खरे आहे. आपल्या भागात मराठी बोलणारे मराठे आहेत, लिंगायत आहेत, दलित आहेत, मुसलमान आहेत. मग हे आपल्या मंडळात का दिसत नाही? बेंगळुरूकडे न्याय मागताना आपल्या गल्लीतला हिशेब आधी चुकता असावा लागतो. नाहीतर आपले ३५०-अ कागदावरच राहील.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, यंदा सभासद नोंदणी प्रत्येक गल्लीत जाऊन करावी, वाड्यात बसून नव्हे. दोन, कार्यकारिणीच्या किमान चार बैठका आजवर जिथे कधी झाल्या नाहीत त्या वस्त्यांत घ्याव्यात, आणि चहा तिथलाच प्यावा. तीन, मंडळाच्या पुस्तकपेटीत ज्ञानेश्वरी-गाथेशेजारी 'अक्करमाशी' आणि दया पवारांचे 'बलुतं' ठेवावे, आणि पुस्तक परत आले की त्या ग्रंथपालांसारखे विचारावे, काय कळले?

ते ग्रंथपाल आज नाहीत, मामाही नाहीत. पण त्या मुलीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुढच्या मेळाव्याच्या आत द्यायचे की नाही, हे आज आपण इथे ठरवावे, एवढीच विनंती.