‘आम्ही केलं’, पण तू काय केलंस?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन तपशील लिहून काढताना जोडले आहेत.)



सचिवकाकांचा फोन आला, “पोरांना करिअरवर दोन शब्द सांग.” करिअरवर सांगण्याइतकं माझं वय नाही. वकिली सुरू करून मला चार वर्षं झाली आहेत. म्हणून मी फक्त एका फॉर्मबद्दल बोलणार आहे. आपल्या सोसायटीतली तीन लेकरं सध्या कायद्याचं शिक्षण घेतायत आणि तिघांनीही मला या फॉर्मबद्दलच विचारलंय.

पालकांसाठी थोडं आधी सांगते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. बीडच्या कोर्टात ती कशी मिळते हे आपल्याला माहीत आहे. “वकीलसाहेब, पुतणी आहे माझी, बसू द्या चार आठवडे.” यात वाईट काही नाही, मीही पहिली इंटर्नशिप तशीच केली आणि तिथं जे शिकले ते पुढं कुठं शिकायला मिळालं नाही. पण मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये, जिथं शे-दोनशे वकील एका छताखाली काम करतात, तिथं ओळख चालत नाही. निदान तसं म्हणतात. तिथं फॉर्म भरावा लागतो. मुंबईत सॉलिसिटर व्हायचं तर तीन वर्षांची आर्टिकलशिप असते आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा असते. त्यासाठीही आधी कुणीतरी आपल्याला हाताखाली घ्यावं लागतं. इंग्लंडात तर दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी अशा फॉर्मांचं मोठंच प्रस्थ आहे, आणि आपल्याकडच्या फर्मांनी हे प्रश्न बरेचसे तिथूनच उचललेत.

फॉर्ममध्ये मार्क विचारतात, आणि मग असे प्रश्न येतात: ‘इतरांबरोबर काम करताना मतभेद झाला असा एक प्रसंग सांगा. तुम्ही काय केलंत?’ ‘अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागला असा प्रसंग सांगा.’ ‘अपयश आलं तेव्हा काय केलंत?’ उत्तर अडीचशे शब्दांत द्यायचं.

आपली पोरं इथंच अडतात. इंग्रजीमुळे अडतात असं आपण समजतो, पण कारण वेगळं आहे. लहानपणापासून आपण ऐकतो की फार ‘मी मी’ करू नये. गणपती बसवला तर ‘आम्ही बसवला’, झाडं लावली तर ‘आम्ही लावली’. हे संस्कार चांगलेच आहेत. फॉर्म मात्र विचारतो, त्यात तू काय केलंस? आणि पान कोरं राहतं.

मला स्वतःला हे फार उशिरा कळलं. चौथ्या वर्षाला असताना एका फर्मला अर्ज केला. नेतृत्वाच्या प्रश्नाला मी एका सीनिअरचं उत्तर जवळजवळ तसंच उतरवलं. कॉलेजच्या महोत्सवाचं आयोजन, पन्नास स्वयंसेवक, प्रायोजक वगैरे. मी त्या महोत्सवात होते, पण नाव नोंदवायच्या टेबलावर. मुलाखतीला बोलावलं. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पहिलं काम काय केलंत?” मला काही सुचेना. मग त्यांनी विचारलं, “प्रायोजकाशी कोण बोललं?” मी म्हटलं, “आम्ही बोललो.” “आम्ही म्हणजे कोण?” पाच मिनिटांत मुलाखत संपली. परत येताना बसमध्ये मी रडले, आणि घरी सांगितलं की जागाच भरल्या होत्या. पप्पा, आज पहिल्यांदा खरं सांगतेय.

त्याच सत्रात आम्हाला पुराव्याचा कायदा होता. 1872 च्या त्या कायद्याचं कलम 60 म्हणतं, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. ज्यानं पाहिलं त्यानंच सांगायचं, ज्यानं ऐकलं त्यानंच. आता जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे तत्त्व तसंच आहे. वाचता वाचता लक्षात आलं की मुलाखतीत माझी उलटतपासणी झाली होती आणि मी ऐकीव साक्ष घेऊन पिंजऱ्यात उभी राहिले होते. तेव्हापासून मला त्या ‘मी’ची लाज वाटत नाही. साक्षीदार ‘मी पाहिलं’ म्हणतो तेव्हा त्याला कुणी गर्विष्ठ म्हणत नाही.

पुढच्या अर्जात मी काय लिहिलं ते सांगते, कारण ते तुमचंच आहे. 2016 चा उन्हाळा आठवा. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आपल्याकडं बोअर आटले होते आणि सोसायटीत दोन दिवसांआड टँकर यायचा. माझी बारावी झाली होती आणि मी विधी प्रवेशाची सीईटी द्यायची म्हणून घरी होते. टँकर बारा हजार लिटरचा, घरं चोवीस, म्हणजे घरटी पाचशे लिटर. दोनशे लिटरचे अडीच ड्रम. भांडण व्हायचं ते त्या अर्ध्या ड्रमवरून! फाटकाजवळच्या ओळीला जास्त मिळतं, मागच्या ओळीला कमी, असा रोजचा वाद. अध्यक्षकाकांनी मला वही दिली आणि म्हणाले, “तू नुसतं लिहीत जा.”

मी लिहीत गेले. तिसऱ्या फेरीला बेरीज केली तर साठ ड्रम भरायला हवे होते, भरले चौपन्न. म्हणजे दहा हजार आठशे लिटर. पुढच्या दोन फेऱ्यांनाही पंचावन्नच्या पुढं आकडा गेला नाही. पुढची ओळ आणि मागची ओळ एकमेकांवर चिडत होती, आणि पाणी मुळात टँकरमध्येच कमी येत होतं. मी वही अध्यक्षकाकांना दाखवली. ते टँकरवाल्याशी बोलले (मी नाही बोलले, ते अर्जातही तसंच लिहिलं) आणि मग पैसे मोजलेल्या ड्रमावर द्यायचं ठरलं. मी केलं ते एवढंच: मोजलं, लिहिलं, बेरीज केली, आणि भरायची सुरुवात एकदा पुढच्या ओळीपासून, एकदा मागच्या ओळीपासून करायचं सुचवलं.

त्या उत्तरात मी आणखी एक वाक्य घातलं होतं. शेवटच्या घरातल्या आजी एकट्या राहायच्या. दोनदा पाइप त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत टँकर रिकामा झाला, आणि माझ्या वहीत त्यांच्या नावापुढं सरळ शून्य लागलं. ते शून्य मी लिहिलं, पण त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. मला फक्त लिहायला सांगितलं होतं ना! दुसऱ्या शून्यानंतर आईनं वही पाहिली आणि आमच्या ड्रममधल्या दोन घागरी आजींकडं नेऊन ओतल्या. मुलाखतीत सगळे प्रश्न त्या शून्यावरच आले. आज काय वेगळं करशील? कुणाला सांगशील? यावेळी मात्र मला उत्तरं शोधावी लागली नाहीत. निवड झाली.

आता मी नोकरी करते त्या ऑफिसात इंटर्नशिपच्या अर्जांची पहिली चाळणी माझ्याकडं असते. म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूनं थोडं सांगते. उत्तराचे चार भाग धरतात: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. पोरं दीडशे शब्द परिस्थितीत घालवतात. दुष्काळ, मराठवाडा, हवामानबदल, सगळं येतं, आणि स्वतः काय केलं ते दोन ओळींत. ते उलटं करा. अडीचशेतले चाळीस शब्द परिस्थितीला, वीस जबाबदारीला, दीडशे कृतीला, उरलेले परिणामाला. आधी मराठीत लिहा, आईला वाचून दाखवा. तिला कळलं नाही तर इंग्रजीत नेऊन ते कळणार नाही.

आणि मोबाइलला उत्तर लिहायला सांगू नका. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवू; ती सगळी उत्तरं एकसारखी गुळगुळीत असतात आणि दिवसाला तीस अर्ज वाचणाऱ्याला ती लगेच ओळखू येतात. गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एकीनं मला असं उत्तर पाठवलं. तिला विचारूनच सांगतेय. मी फोन केला तर म्हणाली, “ताई, माझ्याकडं लिहिण्यासारखं काहीच नाही. मी तर नेकनूरच्या बाहेर राहिलेलीच नाही.”

मी विचारलं, वर्षभरात घरचं कुठलं काम तू एकटीनं केलंस? तर म्हणाली, आजोबा गेल्यावर सातबारावर वारसनोंद लावायची होती. वडिलांना सुट्टी नव्हती, म्हणून तलाठ्याकडं तीच गेली. आजोबांचं नाव सातबारावर एक, रेशनकार्डावर दुसरं. दोन्ही एकच माणूस आहे असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, आत्यांची नावं. त्यात एका काकांनी म्हटलं, “पोरींची नावं कशाला?” ही म्हणाली, कायद्यानं लागतात, आणि नावं घातली. मग नोटीस, पंधरा दिवसांची हरकतीची मुदत, मग फेरफार मंजूर. चार हेलपाटे झाले. आणि ही पोरगी म्हणते, लिहिण्यासारखं काही नाही! अगं, आमच्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचे वकील हेच करतात, फक्त एसीत बसून.

त्या काकांशी ती नेमकं काय बोलली, आणि ते आजही तिच्याशी बोलतात की नाही, हे लिही म्हणून मी सांगितलंय. तिला ते लिहायचं नाहीये. घरातली गोष्ट बाहेर कशी सांगायची, असं तिचं म्हणणं आहे, आणि ते मला चूक म्हणता येत नाही. काय करायचं ते अजून आमचं ठरलेलं नाही. अर्जाची मुदत या महिनाअखेर आहे.

ती टँकरची वही सचिवकाकांच्या कपाटात अजून आहे, काल मी पाहिली. आजींच्या नावापुढची दोन्ही शून्यं तशीच आहेत. मुलांनी आपापले कच्चे मसुदे उद्या सकाळी घेऊन यावेत. संध्याकाळी मांजरसुंब्याहून माझी पुण्याची गाडी आहे, तोपर्यंत मी घरीच आहे.