शेणखत कुणाचं, वावर कुणाचं?
(भाजीपाला करणाऱ्या बायकांच्या शिबिरातील भाषण)



सेंद्रिय भाजीपाल्याबद्दल एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "खत घरचंच, खर्च काही नाही." आपण जरा हिशेब करू. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो नत्र असतं. शेणखतात ते साधारण अर्धा टक्का. म्हणजे तेवढ्याच नत्राला चार टन शेणखत लागेल, वीस किलोच्या दोनशे पाट्या! गोणी मोटरसायकलवर येते. पाट्या कुणाच्या डोक्यावरून जातात, ते तुम्हांला सांगायला नको. ही मजुरी कुठल्याच वहीत नसते.

याचा अर्थ युरियाच बरा, असा नाही. शेणखताने माती भुसभुशीत होते, ओल धरते; युरियाने ते होत नाही. पण शेण कुजलेलंच हवं. ओलं शेण टाकलं की हुमणी आणि वाळवी आलीच. खड्ड्यावर सावली करा, अधूनमधून पाणी शिंपडा, चार महिने थांबा. वांगी-मिरचीला लावणीआधी हे खत मातीत मिसळा, सोबत मूठभर निंबोळी पेंड. राख मात्र बेताने. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, राखेने ती आणखी तशी होते.

गोवऱ्यांचं काय? शेण चुलीत गेलं की नत्र धुरात जातं, हे खरं. पण २०१६ च्या उज्ज्वला योजनेत शेगडी मिळाली तरी सिलिंडर भरायला पैसे लागतात. गोवऱ्या थापू नका म्हणणाऱ्याने स्वयंपाक कशावर करायचा तेही सांगावं.

आणखी एक. शेणखतातलं निम्म्याहून कमी नत्र पहिल्या हंगामात पिकाला मिळतं, बाकीचं पुढच्या दोन-तीन हंगामांत. म्हणजे आज पाट्या वाहणारीच्या हाती ते वावर तोवर राहिलं पाहिजे. खंडाने घेतलेला तुकडा सुधारला की मालक परत मागतो. घरचा असला तर त्यात सोयाबीन पेरायचं ठरतं, आपल्याला न विचारता. शेतकरी संघटनेने १९८९ मध्ये लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा अनेकांनी बायकोच्या नावावर जमीन केली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने आला. तरी सातबाऱ्यावर आपल्यापैकी कितीजणींची नावं आहेत?

खंडाचा करार निदान तीन वर्षांचा, आणि लेखी करून घ्या. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरचा सातबारा आणावा. एकत्र बसून वाचू. पाट्यांचा हिशेबही लिहून आणा, रोजच्या रोज.