माळावरचं कर्जत

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कर्जत म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला रेल्वेचं स्टेशन आठवतं. घाट चढण्याआधी गाडीला मागून इंजिन लावतात आणि तेवढ्या वेळात लोक फलाटावर उतरून वडा खातात, ते कर्जत. श्रोतेहो, मी त्या कर्जतबद्दल बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते नगरच्या दक्षिणेला सत्तरेक किलोमीटरवर माळावर वसलेल्या कर्जतबद्दल. आमच्या गावाला स्टेशन नाही. दौंड–मनमाड मार्ग पश्चिमेकडून श्रीगोंद्याच्या अंगाने नगरला निघून गेला, तर पुणे–सोलापूर मार्ग दक्षिणेला भीमेच्या पलीकडून गेला. दोन रुळांच्या मधल्या बेचक्यात आम्ही राहिलो. पत्ता लिहिताना कंसात जिल्हा लिहायची सवय कर्जतकराच्या हाताला लहानपणापासून असते. तो लिहिला नाही तर पत्र रायगडला फिरून येतं. आता २०२४ पासून जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालं आहे, म्हणजे कंसातलाही मजकूर बदलला.

नावावरून आमची थट्टा व्हायची ती वेगळीच. 'कर्जत' शब्दात 'कर्ज' आहे, म्हणून पाव्हणेरावळे हसत. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, या भागाच्या इतिहासात कर्जाचं प्रकरण मोठं आहे, तिकडे मी येणारच आहे.

आधी माळाबद्दल सांगतो. सह्याद्री ओलांडताना ढग रिकामे होतात आणि आमच्याकडे येईपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी, मुरमाड. मधूनच एखादा काळा पट्टा, त्यात रब्बीची ज्वारी. बाकी सगळं गवत, हिवर, बाभळ, बोरी, तरवड. शहरातला माणूस याला पडीक म्हणतो. सरकारी कागदही बहुधा तेच म्हणतात. पण ज्याच्याकडे शंभर मेंढरं आहेत त्याला विचारा. त्याच्या लेखी माळ पडीक नसतो; कुठल्या महिन्यात कुठलं गवत कोवळं असतं हे त्याला तोंडपाठ असतं.

गावाजवळ रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे. १९८० साली जाहीर झालेलं, जेमतेम २१७ हेक्टरांचं. एवढ्याशा तुकड्यात कळपच्या कळप दिसतात. काळवीट तिथली हद्द मानत नाहीत, रात्री शेजारच्या शेतात शिरतात, हरभऱ्यावर ताव मारतात, आणि सकाळी शेतकरी वनखात्याच्या नावाने बोटं मोडतो. तरी आमच्याकडे काळविटाबद्दल एक कौतुक आहेच. पाव्हणा आला की त्याला संध्याकाळी रेहेकुरीला न्यायचं, हा रिवाज झाला आहे.

माळढोकाची गोष्ट मात्र निराळी. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर आखलं गेलं. त्यात नगर जिल्ह्याचे नेवासा, श्रीगोंदा आणि कर्जत हे तालुके आले. यात लोकांची खासगी शेतं होती, वस्त्या होत्या, गावं होती. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. मुलीच्या लग्नासाठी एकर-दोन एकर विकायचं म्हटलं तरी कागदावर अभयारण्य आडवं येई. पुढे ही हद्द छाटून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. तोवर बिचारा माळढोक दिसेनासाच झाला होता. पक्ष्याला वाचवायला हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या माणसांच्या माळावर तो राहत होता त्यांना तेहतीसेक वर्षं कुणी नीट विश्वासात घेतलं नाही, हेही खरं.

देवळांच्या बाबतीत आम्ही श्रीमंत. खुद्द कर्जतमध्ये जुनी दगडी देवळं आहेत. त्यातलं एक 'नकटीचं देऊळ' म्हणून ओळखलं जातं. राशीनला यमाई देवीच्या देवळापुढे दोन दीपमाळा आहेत. वर चढून आतला लाकडी दांडा हलवला की अख्खी दीपमाळ हलते. लहानपणी त्या डोलताना पाहून माझी छाती धडधडली होती. ज्या गवंड्याने हे बांधलं त्याचं नाव कुणाला माहीत नाही. भीमेच्या काठावर सिद्धटेक, अष्टविनायकांपैकी उजव्या सोंडेचा गणपती. देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. सेनापतिपद गेलेल्या हरिपंत फडक्यांनी इथे एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळालं, ही कथा पुजारी आजही सांगतात. तिथली एक प्रदक्षिणा म्हणजे सगळ्या टेकडीला वळसा, हे लक्षात घेतलं तर हरिपंतांच्या पायांचंच कौतुक वाटतं. पुण्याकडचे भाविक दौंडवरून येतात, दर्शन घेतात आणि परत जातात. आपण कर्जत तालुक्यात येऊन गेलो हे त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

आता कर्जाकडे येतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि त्याच सुमाराला नव्या मोजणीनुसार दख्खनच्या काही तालुक्यांत शेतसारा वाढला. शेतकरी दोन्हीकडून चेपला गेला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. कर्जाचं खत तीन वर्षांत जुनं होऊन निकामी व्हावं असा त्याचा अर्थ रयतेला सोयीचा वाटावा, पण झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवं खत लिहून घेऊ लागला आणि त्या सगळ्यावर पुन्हा व्याज. अंगठा उठवणाऱ्याला काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली. हे सुपं वेगळं, आमच्या जिल्ह्यात पारनेरकडेही एक सुपं आहे. बघता बघता लोण नगर जिल्ह्यात आलं आणि पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पोचलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. 'दंगा' शब्दाने चित्र थोडं चुकीचं उभं राहतं. जमाव सावकाराच्या दारात जाई, खतं मागे, आणि मिळाली की ती पेटवून देई. ज्याने मुकाट्याने दिली त्याला बहुधा हात लावला जात नसे. कागदावर राग होता. सरकारने चौकशीला आयोग नेमला, १८७८ मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे न्यायाधीशाने तपासावं, ही त्यातली मोठी गोष्ट. त्यानंतर सावकारी संपली असं कुणी म्हणणार नाही. पण माळावरच्या माणसांनी कायदा बदलायला लावला, हे आमच्या शाळेत मला कुणी शिकवलं नव्हतं.

याच वेळी अमेरिकेच्या मध्यभागात, आयोवा-नेब्रास्काकडच्या गवताळ प्रदेशात, लहान लहान गावं वसत होती. तिथे १८७० नंतर एक धंदाच सुरू झाला होता. प्रकाशकाचा माणूस गावोगाव फिरून वर्गणीदार गोळा करायचा आणि पैसे भरणाऱ्यांची चरित्रं घालून परगण्याचा जाडजूड इतिहास छापायचा. त्यात फुशारकी भरपूर, पण नावं तरी राहिली. आमच्याकडे १८८४ मध्ये नगरचं गॅझेटियर निघालं. फार मोलाचं पुस्तक, पण ते कलेक्टरच्या टेबलासाठी. त्यात पिकं आहेत, सारा आहे, बाजाराचे वार आहेत. कुणब्याचं नाव कुठे असलंच तर ते सावकाराच्या खतावर होतं, आणि ती खतं त्यानेच जाळली. जाळायलाच हवी होती. त्याबरोबर त्याचं नावही गेलं.

लगोलग १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ आला. दौंड–मनमाडचा रेल्वेमार्ग त्याच दिवसांत बांधला गेला आणि १८७८ मध्ये खुला झाला. शतक संपता संपता आणखी दोन दुष्काळ पडले. त्यांच्याबद्दल आता घरोघरी काही सांगितलं जात नाही, स्मृती तेवढी मागे जात नाही.

ती जाते १९७२ पर्यंत. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पाऊस नाही म्हणजे काय हे मुलांना उशिरा कळतं. आम्हाला कळलं ते भाकरीच्या रंगावरून. मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी रेशनवर आली. तिची भाकरी थापताना चिरायची आणि आजी म्हणायची, "हे काय धान्य हाय का!" आणि तरीही एक चतकोर वाया जाऊ द्यायची नाही. दुष्काळी कामावर मुलांना सुकडी मिळे. ती मात्र आम्हाला आवडायची. माझी आई आणि थोरली बहीण खडी फोडायला जात. बैठक मारून, डाव्या हातात फडक्याची चुंबळ धरून दगड स्थिर ठेवायचा आणि उजव्या हाताने हातोडी. शेजारच्या घरातले पाटील, ज्यांच्या वाड्यात आम्ही चप्पल काढून जात असू, तेही त्याच रांगेत बसले होते. आई त्यांच्यासमोर डोईवरचा पदर सावरून खडी फोडी. मुकादम हजेरी पुकारायचा तेव्हा पाटलांचं नाव जरा हळू आवाजात घ्यायचा, हे मला अजून ऐकू येतं.

त्या कामांतून पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, रस्ते झाले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर रुजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये देशाने रोजगाराचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

दुष्काळ नंतरही आले. २०१२-१३ मध्ये तालुक्यात चारा छावण्या लागल्या. माणसं जनावरांबरोबर छावणीतच राहू लागली. जुनी माणसं दोन्ही दुष्काळांची तुलना करतात ती ऐकण्यासारखी असते. बहात्तरला विहिरीत खाली का होईना पाणी होतं, धान्य नव्हतं. बारा-तेरा साली दुकानात धान्य होतं, पाणी नव्हतं. मधल्या चाळीस वर्षांत विजेचे पंप आले, कूपनलिका आल्या आणि जमिनीच्या पोटातलं उपसून झालं.

पाणी बाहेरूनही आलं. जुन्नरकडच्या धरणांतून निघणारा कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा करत आमच्याकडे येतो आणि पुढे करमाळ्याला जातो. आम्ही शेपटाकडचे. आवर्तन सुटलं की आमचा शेतकरी रात्री बॅटरी घेऊन कालव्यावर उभा असतो. दक्षिणेला उजनीच्या फुगवट्याने भीमाकाठ बदलून टाकला. तिथे आता ऊस आहे. एकाच तालुक्यात एका टोकाला उसाचे ट्रॅक्टर आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचे टँकर, असं चित्र मी एकाच दिवशी पाहिलं आहे.

शिक्षणाचं पाणी आधी आलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था इथे पोचली आणि १९६४ मध्ये दादा पाटील महाविद्यालय सुरू झालं. रेल्वे नसलेल्या गावात पदवीपर्यंतचं शिक्षण मिळू लागलं. माझ्या बहिणीच्या मुली तिथेच शिकल्या. त्यांच्या आईचं शिक्षण खडीच्या ढिगाऱ्यापाशी थांबलं होतं.

आमच्या तालुक्याचं नाव देशभर गेलं ते मात्र एका भीषण घटनेने. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. त्यानंतर राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. त्यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. मला एवढंच सांगायचं आहे की वाड्या-वस्त्यांवरून शाळेला जाणाऱ्या मुलींची वाट अजूनही लांब आणि निर्मनुष्य आहे. गावाचा इतिहास सांगताना ही वाट वगळता येणार नाही.

आषाढी झाली की पंधरा दिवसांनी कामिका एकादशीला कर्जतला गोदड महाराजांचा रथ निघतो. पंढरीचा पांडुरंग त्या दिवशी महाराजांना भेटायला येतो, अशी श्रद्धा आहे. पांडुरंगाबरोबर पुण्याला, चाकणला, मुंबईला गेलेली मुलंही येतात. रथाच्या दोराला हात लावतात, आणि संध्याकाळी आईने बांधून दिलेलं पीठ घेऊन परत निघतात. २०१५ च्या सुमारास ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. म्हणजे आम्ही आता शहर आहोत.

या रथाच्या दिवशीच मी एक उद्योग सुरू केला. घरोघरी आलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, बहात्तरला तुम्ही कुठल्या कामावर होतात? कुठल्या रस्त्याची खडी फोडली? शेजारी कोण बसायचं? हजेरीपत्रकं कुठल्या कार्यालयात कुजली असतील ती असोत, पण माणसांना नावं आठवतात. बायकांना तर जास्तच. त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण सोबत बसणाऱ्या वीस जणींची नावं धडाधड सांगतात. दोन वह्या भरल्या आहेत. राशीनच्या बाजूचा रस्ता जवळजवळ पूर्ण झाला. मिरजगावकडच्या रस्त्यावरच्या फक्त अकरा जणी मिळाल्या आहेत. त्यांतल्या तिघींचं वय नव्वदीच्या पुढे आहे, म्हणून पावसाळा संपायची वाट न पाहता पुढच्या आठवड्यातच तिकडे जायचं ठरवलं आहे.