स्निग्ध पदार्थ आणि वजनाचे नियंत्रण
(व्याख्यान)

तूप-तेलाचा त्याग जैन कुटुंबांना नवा नाही. सहा बाह्य तपांत ऊनोदरी आणि रसपरित्याग यांना मानाचे स्थान आहे. श्वेतांबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहा विगईंचा त्याग करून आयंबिल केले जाते. मात्र हा त्याग रसनेवर विजय मिळविण्यासाठी आणि ठरावीक काळापुरता असतो. केवळ वजन उतरविण्यासाठी तूप-तेल कायमचे वर्ज्य करणे ही निराळी गोष्ट होय. तप आणि पथ्य यांतील हा भेद ध्यानात न घेतल्यास प्रकृतीची हानी संभवते.

वागळे इस्टेट १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत म्हणून विकसित झाली. आज तेथे अनेक ठिकाणी यंत्रांची जागा संगणकांनी घेतली आहे. बैठे काम वाढले की शरीराची ऊर्जेची गरज घटते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून अथवा प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेला-तुपातून ९. त्यामुळे वाढत्या वजनाचा सारा दोष स्निग्ध पदार्थांवर येतो.

परंतु अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांच्या साहाय्यानेच शोषली जातात. कंदमुळे वर्ज्य असल्याने जैन ताटात गाजर नसते. त्याचे काम पालेभाज्या, लाल भोपळा व पपई करतात. पण त्यांतील कॅरोटीन अंगी लागण्यास थोडी फोडणी हवीच. शरीराला स्वतः बनविता न येणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले शाकाहारी माणसाला जवस, अक्रोड आणि मोहरीच्या तेलातून मिळतात.

दुसरा धोका पित्ताशयाचा. जेवणात स्निग्धांश आला की पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होते. तो जवळजवळ बंद केला आणि वजनही झपाट्याने उतरले, तर पित्त साचून खडे होण्याची शक्यता वाढते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ६०९ प्रौढांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय. पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो, तर दुसऱ्याचे ६ किलो उतरले. हा फरक लक्षणीय ठरला नाही. साखर व मैदा टाळून भाज्या भरपूर घेण्याची सूचना दोन्ही गटांना होती. तूप सोडून बिस्किटे आणि गोड सरबत घेणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा.

मग प्रमाण कसे राखावे? चार माणसांच्या घरात तेलाचा पाच लिटरचा डबा महिनाभरात संपला, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी होतात. तोच डबा दीड महिना पुरविला, तर प्रमाण २५ ग्रॅमवर येते. त्यासाठी तळण कमी करावे, तेल चमच्याने मोजून घ्यावे आणि वनस्पती तूप टाळावे. मधुमेह, हृदयविकार अथवा पित्ताशयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आहार बदलावा.

ऊनोदरी म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे. ताटातील एखादा पदार्थ शत्रू मानण्यापेक्षा संपूर्ण ताटाला मर्यादा घालण्याची ही शिकवण आहे. वजन उतरविणाऱ्यालाही तीच तारक ठरते.