आईबापांची जागा घेणारी खोली

विज्ञानकथेतील यंत्रांची चर्चा पुष्कळ होते, परंतु ज्या भाषेमुळे ती यंत्रे कथेत जिवंत होतात त्या भाषेकडे सहसा दुर्लक्ष होते. या दृष्टीने अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची ‘द वेल्ट’ ही कथा अभ्यासण्याजोगी आहे. ती सप्टेंबर १९५० मध्ये ‘द सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या नियतकालिकात वेगळ्या शीर्षकाने छापून आली आणि १९५१ साली ‘द इलस्ट्रेटेड मॅन’ या संग्रहात समाविष्ट झाली. वेल्ट म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील गवताळ माळरान. जॉर्ज आणि लिडिया हॅडली यांनी तीस हजार डॉलर मोजून घेतलेल्या स्वयंचलित घरात मुलांसाठी एक खोली असते, आणि मुलांच्या मनात जे येईल ते तिच्या भिंतींवर वासासकट साकार होते. त्या भिंतींवर आता माळरान, रणरणते ऊन आणि काहीतरी खात बसलेले सिंह यांखेरीज दुसरे काही उमटत नाही.

निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण देणे याला मराठी अलंकारशास्त्रात चेतनगुणोक्ती म्हणतात. या कथेत जेवणाचे टेबल सॉस द्यायला विसरल्याबद्दल क्षमा मागते, आणि घर बंद करण्याची वेळ येते तेव्हा मुलगा पीटर बापाची विनवणी करण्याऐवजी छताकडे पाहून घरालाच साकडे घालतो. घरातील वस्तू अशा माणसाळत जातात, त्याच वेळी लिडियाला आपण या घरात निरुपयोगी झाल्याचे जाणवू लागते; म्हणजे चेतनगुणोक्ती येथे वर्णनाची शोभा वाढवण्यापुरती उरत नाही, तर आईबापांचे स्थान यंत्राकडे कसे सरकते ते दाखवते.

पुढे घडणाऱ्या घटनेची चाहूल आधीच देणे म्हणजे पूर्वसूचन. माळरानाकडून आलेली किंकाळी आरंभी लिडियाला ऐकू येते आणि जॉर्जला येत नाही. नंतर त्याला खोलीत चघळलेले, रक्ताचे डाग पडलेले स्वतःचेच जुने पाकीट सापडते, आणि मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड मॅक्लीन यांच्या हाती लिडियाचा रक्ताळलेला स्कार्फ लागतो. भिंतींवरचे दृश्य केवळ आभास असेल तर या वस्तूंवर रक्त कोठून आले, हा प्रश्न लेखक उघड विचारत नाही. पाकीट आणि स्कार्फ या घरातल्या नेहमीच्या वस्तू असल्यामुळेच धोका माळरानावरून थेट कुटुंबात शिरल्याची जाणीव वाचकाला होते. अखेरीस खोलीत कोंडले गेलेले पतिपत्नी किंचाळतात, तेव्हा पूर्वी ऐकलेल्या किंकाळ्या ओळखीच्या का वाटत होत्या, हे त्यांना उमगते.

एखाद्या प्रसिद्ध कृतीची आठवण नावातून किंवा तपशिलातून जागवणे याला संदर्भसूचन म्हणता येईल. पीटर आणि वेंडी ही मुलांची नावे जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’ या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातील पात्रांची आहेत. तेथील पीटरला मोठे व्हायचे नसते, पण वेंडी अखेर घरी परतते. ब्रॅडबरींच्या कथेत मुलांनी स्वप्नभूमी घरातच वसवलेली असल्याने परतण्यासाठी वेगळे घर उरत नाही.

वाचकाला जे कळलेले असते ते पात्राला ठाऊक नसणे, यातून नाट्यगत उपरोध निर्माण होतो. शेवटी मॅक्लीन येतात, तेव्हा मुले निवांत खात बसलेली असतात, दूरवर सिंहांचे खाणे चाललेले असते आणि मॅक्लीन मुलांच्या आईवडिलांची चौकशी करतात. सिंह काय खात आहेत, हे वाचकाला विचारावे लागत नाही. गिधाडाची सावली अंगावरून सरकून गेल्यावर वेंडी त्यांना चहा विचारते. यंत्र बंद झाल्यास बुटाची नाडी आपल्याला बांधावी लागेल, याची जेथे मुलाला धास्ती वाटत होती, त्या घरात पाहुण्याला चहा विचारण्याची रीत तेवढी शाबूत राहते.