वाऱ्याची वाट आणि आपला श्वास
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीनंतर थंडी पडू लागली की आपल्या बाह्यरुग्ण विभागात दमा, जुना खोकला आणि धाप यांनी त्रस्त झालेल्यांची गर्दी वाढते, हे आपण सर्वजण पाहतच आहात. नातेवाईक आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात : "घरात कोणी विडी ओढत नाही, जवळपास कारखाना नाही, मग हा त्रास आला कोठून?" या प्रश्नाचे उत्तर काही वेळा वाळूज वा चिकलठाणा येथे नसून पुष्कळ दूर असते. आज त्याचाच विचार आपणांसमोर मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम एक साधा हिशेब पाहू. हवेतील ज्या सूक्ष्म कणांना पीएम २.५ म्हणतात, ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या भागाहूनही बारीक असतात. जाड धूळ काही तासांत खाली बसते; हे कण मात्र पाऊस न पडल्यास कित्येक दिवस तरंगत राहतात. वारा ताशी २० किलोमीटर वेगाने एकाच दिशेने वाहत राहिला, तर एका दिवसात तो सुमारे ४८० किलोमीटर अंतर कापतो. दिल्ली आणि कराची ही दोन्ही शहरे आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून सरळ रेषेत सुमारे एक हजार किलोमीटरवर आहेत. म्हणजे तिकडची हवा येथवर येण्यास दोन-तीन दिवस पुरेसे आहेत.

हे केवळ गणित नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये एका पश्चिमी विक्षोभामागून आलेल्या जोरदार वाऱ्यांनी पाकिस्तानच्या बाजूची धूळ उचलली. ती सौराष्ट्रावरून पुढे सरकली आणि २३ जानेवारीस मुंबई व उत्तर कोकणासह राज्याच्या मोठ्या भागात आकाश धुरकट झाले. मुंबई-पुण्याकडे उभ्या वाहनांवर पांढुरकी पूड साचली, दृश्यमानता घटली आणि ऊन अडल्यामुळे दिवसाचे तापमानही उतरले. त्याआधी मार्च २०१२ मध्येही पश्चिमेकडील वाळवंटी प्रदेशांतून उठलेल्या धुळीने मुंबई-पुण्याचे आकाश झाकले होते.

मात्र दुरून येणारी प्रत्येक गोष्ट श्वासापर्यंत पोहोचतेच असे नाही. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातील हायली गुब्बी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची राख सुमारे १४ किलोमीटर उंचीपर्यंत गेली आणि तांबडा समुद्र व अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्याच रात्री गुजरात, राजस्थान व दिल्लीवर आली. चार हजार किलोमीटरहून अधिक प्रवास तिने एका-दीड दिवसात केला. विमानसेवा विस्कळीत झाली. परंतु राख फार उंचावरून जात असल्याने जमिनीवरील हवेवर तिचा विशेष परिणाम झाला नाही. यावरून लक्षात येते की वाऱ्याची दिशा जितकी महत्त्वाची, तितकीच कणांची उंचीही महत्त्वाची.

येथेच ऋतूंचा संबंध येतो. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर उठते आणि धूर दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळून विरळ होतो. हिवाळ्याच्या रात्री याच्या उलट घडते. जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. भांड्यावर झाकण ठेवावे तसे हे होते. बाहेरून आलेले कण आणि शहराचा स्वतःचा धूर दोन्ही या झाकणाखाली कोंडतात. पहाटेच्या फिरण्यात दमेकऱ्यास अधिक त्रास होण्यामागे थंड हवेबरोबर हेही कारण असते. पावसाळ्यात समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य वारे आणि पावसाच्या सरी हवा धुऊन काढतात. म्हणून वर्षातील सर्वांत स्वच्छ हवा आपणांस त्या महिन्यांत मिळते.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपण केवळ दुसऱ्याचा धूर घेणारे नाही, देणारेही आहोत. १९९९ च्या आरंभी अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरावर 'इंडोएक्स' हा मोठा अभ्यास केला. हिवाळी ईशान्य वारे भारतीय उपखंडातील चुलींचा, वाहनांचा आणि कारखान्यांचा धूर हजारो किलोमीटर समुद्रावर नेतात आणि त्याचा तपकिरी थर तीन किलोमीटर उंचीपर्यंत पसरतो, असे त्यात दिसून आले. त्या धुरात दख्खनचाही वाटा असणारच. कपाशी निघाल्यावर शेतात पेटविलेल्या पऱ्हाट्या, उसाचे जाळलेले पाचट, कोपऱ्यावर पेटलेला कचऱ्याचा ढीग, यांचा धूर आपल्या दारातून निघून जातो. परंतु वाऱ्याच्या पुढच्या वाटेवरही कोणाचे तरी लेकरू झोपलेले असते.

युरोपने हा धडा फार पूर्वी घेतला. तेथे गावाची हवा सुधारावी म्हणून कारखान्यांची धुराडी उंच करण्यात आली. गावाला दिलासा मिळाला. पण तो धूर वाऱ्याबरोबर स्कँडिनेव्हियात गेला आणि स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांवर आम्लयुक्त पाऊस होऊन पडला. मासे नाहीसे झाले. अखेर १९७९ मध्ये जिनिव्हा येथे दूरवर जाणाऱ्या वायुप्रदूषणाविषयी करार झाला. दक्षिण आशियातील देशांनीही १९९८ मध्ये मालेच्या जाहीरनाम्याने अशा सहकार्याचा संकल्प केला. धुराडे उंच केल्याने धूर कमी होत नाही, त्याचा पत्ता तेवढा बदलतो. धूर निघतो तेथेच तो कमी करावा लागतो.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आपल्या शहराचा समावेश आहे. देशाच्या मानकानुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा तर अवघी ५ आहे. "धूळ बाहेरून येते, आपण काय करणार?" असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे की, बाहेरून ओझे येणार असेल त्या दिवशी घरचे ओझे अधिकच हलके ठेवावे. आजारी फुप्फुस कणांचा पत्ता विचारत नाही. ते एकूण भार सोसते.

वाऱ्याने येणाऱ्या संकटात एक सोयही दडलेली आहे : ते वाटेवर असतानाच दिसते. भारतीय हवामान विभागाचे अंदाज आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' ॲप सर्वांसाठी खुले आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० मध्ये दिल्लीत 'सफर' यंत्रणा उभारली. पुढे ती पुणे व मुंबईतही आली. धुळीची सूचना एक-दोन दिवस आधी मिळाली, तर रुग्णाच्या घरी पुष्कळ काही करता येते.

रुग्णांच्या कुटुंबीयांस आमची विनंती अशी. डॉक्टरांनी दिलेला नेहमीचा इनहेलर बरे वाटते म्हणून बंद करू नये. तातडीचा इनहेलर भरलेला आणि हाताशी असावा. हवा वाईट असेल तेव्हा पहाटेचे फिरणे ऊन वर येईपर्यंत पुढे ढकलावे. धुळीच्या दिवशी खिडक्या लावून घ्याव्यात, केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे, उदबत्ती व डासांची कॉइल लावू नये. बाहेर जाणे अटळ असेल तर चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत. हृदयविकार असलेल्यांनीही हीच काळजी घ्यावी. एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर पडणे, श्वास घेताना बालकाच्या बरगड्या आत ओढल्या जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

देणगीदार बंधु-भगिनींनो, अशा दिवसांत ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि रात्रपाळीच्या परिचारिका यांची गरज एकदम वाढते. ती तयारी आधीपासून ठेवता यावी, यासाठी आपले सहकार्य मोलाचे ठरते. त्याबरोबर आणखी एक दान आम्ही मागतो, ज्याला पैसा लागत नाही : आपल्या अंगणात, शेतात आणि कारखान्यात धूर कमी करावा. त्याचा लाभ ज्यास होईल तो रुग्ण कदाचित आपणांस कधी भेटणार नाही. तरीही त्याचा श्वास थोडा सुकर झालेला असेल.